नायट्रोजन गेला कुठे?

सई, तुला एक चक्रावून टाकणारा हिशेब सांगतो. आपल्या हवेत शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजन. जमिनीपासून १२० किलोमीटर वर गेलीस तरी बहुमत त्याचंच. तिथं सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण रेणूंचे इलेक्ट्रॉन उडवतात. मागे उरतो तो धनभारित आयन. मग जास्त आयन कोणाचे?

“नायट्रोजनचे!”

चुकलीस! १९५०च्या दशकात आयनांना वजनावरून ओळखणारी यंत्रं रॉकेटांतून वर धाडली, तर नायट्रोजनचा आयन सापडला अगदी नावापुरता. गर्दी होती ऑक्सिजनच्या आणि नायट्रिक ऑक्साइडच्या आयनांची.

हा गाढवलादणीचा डाव आहे, बाळा. नायट्रोजनला भार हातात ठेववतच नाही. ऑक्सिजनचा रेणू भेटला की त्याच्यावर लादतो. ऑक्सिजनचा सुटा अणू भेटला तर दोघांतून नायट्रिक ऑक्साइडचा आयन होतो. तो मात्र अडकला! त्याच्यापेक्षा स्वस्तात इलेक्ट्रॉन सोडणारं तिथं फारसं कुणी नसतं. उल्का जळून उरलेले लोखंडाचे नि मॅग्नेशियमचे अणू तेवढे त्याचा भार घेतात.

आणि एकदा घेतला की सोडत नाहीत. का? रेणूच्या आयनाला इलेक्ट्रॉन मिळाला की तो दुभंगतो, जास्तीची ऊर्जा तुकड्यांबरोबर निघून जाते, काम फत्ते. एकट्या अणूत दुभंगायला आहे काय! म्हणून लोखंडाचे आयन शंभरेक किलोमीटरवर पातळ थर करून टिकतात.

दोनशे किलोमीटरच्या वर सुट्या ऑक्सिजनचं राज्य. त्याचीही तीच गत. भार उतरवायला आधी रेणू गाठायला हवा, आणि तिथं रेणू विरळ. म्हणून सूर्य मावळल्यावर खालचे थर भराभर ओसरतात, हा मात्र पहाटेपर्यंत तग धरतो. मीडियम वेव्हवर रात्री लांबची स्टेशनं लागतात ती यामुळेच: दिवसा लहरी गिळणारा सर्वांत खालचा थर विरलेला असतो आणि वरचा त्यांना परत पाठवतो.

हजारेक किलोमीटरच्या वर हलका हायड्रोजन. त्याचं आणि ऑक्सिजनच्या अणूचं इलेक्ट्रॉन सोडण्याचं मोल जवळजवळ सारखं, त्यामुळे भाराची देवघेव दोन्ही बाजूंनी चालते. दिवसा हायड्रोजनचे आयन चुंबकीय बलरेषा धरून वर चढतात. रात्री त्यांतले बरेच खाली उतरून ऑक्सिजनला भार देतात. वरच्या थराला रात्रभर तगायला हा पुरवठाही कामी येतो.