ढकलून भीती जात नाही

मे महिन्यातली संध्याकाळ, वसईतल्या पापडीच्या तलावाकाठचा कट्टा. खोपोलीला इमॅजिका या मनोरंजन उद्यानात जायचा बेत शिजत होता. बसची माणसं मोजून झाली आणि कुणीतरी एका भाच्याकडे बोट दाखवलं, "हा काय रोलर कोस्टरमध्ये बसत नाही." लगेच तीन तोंडांतून एकच औषध निघालं, "एकदा जबरदस्तीनं बसवा त्याला. भीती मोडते."

हे औषध मी लहानपणापासून ऐकतोय. पाण्याची भीती, कुत्र्याची भीती, स्टेजची भीती, सगळ्यांवर एकच मात्रा: ढकला! आणि पुरावा म्हणून आमच्याकडे हमखास बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं, पुढे येतं. वाडीतल्या बावखलात पोराला ढकललं, त्यानं चार गटांगळ्या खाल्ल्या, हातपाय मारले, आलं पोहायला.

असं सांगणाऱ्याला मी एकच विचारतो, "पाठीला डबा कुणी बांधला होता?" मग हळूहळू आठवायला लागतं. रिकामा, झाकण पक्कं केलेला डबा. पोटाखाली काकाचा हात. आठवडाभर काठाकाठानं मारलेले हात. ढकलणं झालं ते शेवटी, डबा सुटल्यावर. पण गोष्ट सांगताना डबा गळून जातो आणि ढकलणं तेवढं उरतं. शिवाय ज्यांना डब्याशिवाय ढकललं आणि जे पुन्हा पाण्याकडे फिरकलेच नाहीत, ते कट्ट्यावर या गोष्टी सांगत नाहीत. ते बाकीच्यांच्या चपला सांभाळत बसतात.

मी त्या चपलावाल्यांतला. नऊ वर्षांचा होतो तेव्हा निर्मळच्या जत्रेत मामानं मला आकाशपाळण्यात बसवलं. एका हातात नुकतीच घेतलेली सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पुडी होती. पाळणा वर सरकला तसे मी डोळे गच्च मिटले, दुसऱ्या हातानं मामाचा शर्ट धरला आणि थेट जमिनीवर आल्यावरच डोळे उघडले. पुडीतल्या सुकेळ्यांचा लगदा झाला होता. मामा खूश. "बघ, झालं का काही?" त्यानंतर ३२ वर्षं शाळेची सहल असो वा ऑफिसची पिकनिक, माझी जागा बाकावर. मांडीवर सगळ्यांच्या बॅगा, पायाशी चपलांची रास.

ढकलण्याचं औषध का लागू पडत नाही, हे समजायला अवघड नाही. घाबरलेलं मन एक भाकीत करत असतं: आता पट्टा सुटणार, मी पडणार, माझं हृदय थांबणार. हे भाकीत खोटं ठरलेलं मनानं स्वतः पाहिलं, तर भीती सैलावते. पण कोस्टरची फेरी असते दोनेक मिनिटांची. जबरदस्तीनं बसवलेला माणूस ती डोळे मिटून, दांडा आवळून काढतो आणि भीती टिपेला असतानाच उतरतो. त्यानं पाहिलेलं काहीच नसतं. मन हिशेब मांडतं तो असा: डोळे मिटले म्हणून वाचलो, उतरलो म्हणून सुटलो. म्हणजे पुढच्या वेळी चढायचंच नाही. भीतीचा धडा आणखी पक्का होतो.

इथं याविषयी वाचलेलं कुणी असेल तर म्हणेल, मानसोपचारातही रुग्णाला एकदम मोठ्या भीतीला सामोरं नेण्याची पद्धत आहेच की. आहे. पण ती रुग्णाच्या संमतीनं, त्याला आधी सगळं समजावून आणि हवा तेवढा वेळ देऊन होते. मागून धक्का मारून पुढे फोटो काढणं म्हणजे उपचार नव्हे!

जी पद्धत बहुतेकांना जमते ती जुनी आहे आणि पायरीपायरीची आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या तीनेक वर्षांच्या पीटरची नोंद प्रसिद्ध केली. पोरगं आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, मग थोडा जवळ, मग आणखी जवळ. शेवटी पीटर सशाला हातानं गोंजारू लागला. त्याच्याही दीडशे वर्षं आधी, १७७० च्या सुमारास, जर्मन कवी गटे तरुणपणी स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर पुन्हा पुन्हा चढत होता. उंचीवर त्याला घेरी यायची. आधी तो वर जाऊन आडोशाला बसून राही, मग उघड्या चिंचोळ्या जागेवर पाऊल टाकी. किती वेळा? आत काही हलेनासं होईपर्यंत. हे त्यानं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्याला कुणी ढकललं नव्हतं.

शेवटी मीही अशीच पायरीपायरीची शिडी लावली. माझी शिडी अशी होती. पहिल्या दिवशी 'नायट्रो'समोर नुसतं बसायचं आणि गाड्या मोजायच्या. नायट्रो म्हणजे इमॅजिकातला सगळ्यांत मोठा कोस्टर: उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी शंभराच्या वर, पायाखाली फरशी नाही, पाय लोंबकळतात. मी मोजलं, जेवढे चढले तेवढे उतरले. मग घरी, पुढच्या सीटवरून घेतलेले व्हिडिओ, आवाज चालू ठेवून. मग छोटा कोस्टर, एकाच दिवशी चार वेळा, डोळे उघडे. बसण्यापूर्वी कागदावर लिहायचं, 'काय होईल असं वाटतं', आणि उतरल्यावर त्याच्यापुढे, 'काय झालं'. "मी बाहेर फेकला जाईन" याच्यापुढे चौथ्यांदा लिहिलं, "मान थोडी दुखली." तेव्हा कुठं मला हसू आलं.

शिडीत यंत्राची माहितीही मोडते, कारण निम्मी भाकितं अज्ञानाची असतात. वर चढताना येणारा तो कट-कट-कट आवाज मला साखळी तुटण्याची तयारी वाटायचा. प्रत्यक्षात तो खटक्याचा असतो. गाडीखालचा खटका दातेरी पट्टीच्या एकेका दातावर पडत जातो, साखळी तुटलीच तर गाडी मागे घसरू नये म्हणून. सगळ्यांत भीतिदायक आवाज तोच सुरक्षेचा. आता तो मी मोजतो.

उरलेले गैरसमज झटपट.

"उलटं झालं की माणूस पट्ट्यावरच लटकतो." वर्तुळात पुरेसा वेग असला की शरीर सीटवरच दाबलं जातं. पट्ट्याचं खरं काम उंचवट्यावर, अंग सीटवरून उचललं जातं तेव्हा.

"गाडी रुळावरून उडेल." चाकं रुळाच्या वर, बाजूला आणि खालीही असतात. खालची चाकं शंभरेक वर्षांपासून आहेत.

"ब्रेक फेल झाला तर?" आधुनिक कोस्टरचे ब्रेक साधारणपणे मुळात लागलेलेच असतात. ते उघडायला हवेचा दाब लागतो. दाब गेला तर गाडी थांबते.

"मागची सीट सौम्य." उलट. उतारावर मागच्यांना पुढची गाडी खेचून नेते. नवख्यानं मधे बसावं.

"हार्ट अटॅक येतो." जर्मन डॉक्टरांनी ५५ निरोगी माणसांना कोस्टरवर बसवून ठोके मोजले. ते सरासरी मिनिटाला ९० च्या आसपासवरून १५० च्या वर गेले. निरोगी हृदय एवढं सोसतं. पण हृदयविकार, उच्च रक्तदाब, मानेचं दुखणं किंवा गरोदरपण असेल तर प्रवेशद्वारावरची पाटी गमतीची नाही.

"एवढ्या वयात आता काय जाणार भीती?" मी ४१ व्या वर्षी बसलो.

"एकदा गेली की गेली." नाही. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी आठवण उभी राहते. बरीच वर्षं चढलाच नाहीत तर जुनी पुन्हा डोकं काढते. अधूनमधून फेरी मारावी.

आणि एक गोष्ट गैरसमज नाही. २०१९ च्या जुलैमध्ये अहमदाबादेत कांकरिया तलावाजवळचा झुलता पाळणा तुटून दोघे गेले. २०२५ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत रोलर कोस्टरवरून पडून एका तरुणीचा जीव गेला. म्हणून दांडा नीट बसत नसेल, चालवणारा तो हातानं ओढून बघत नसेल, पाळण्याचा पाया विटांच्या तुकड्यांवर टेकवलेला असेल, तर खुशाल उतरा. ती भीती घालवायची नाही, ऐकायची. शिडी चढल्याचा हाही फायदा: कुठली भीती खरी आणि कुठली खोटी, हे कळायला लागतं. ढकललेल्याला सगळ्या सारख्याच वाटतात.

नायट्रोवरून उतरलो, अनवाणीच बाकापाशी गेलो. या वेळी चपला माझ्या होत्या आणि त्या दुसरं कुणीतरी सांभाळत होतं. संध्याकाळी मामाला फोन केला. मामा आता सत्तरीचा. सगळं ऐकून घेतलं, गाड्या मोजणं, कागद, खटका, सगळं. मग समाधानानं म्हणाला, "बघ. मी तेव्हा जत्रेत बसवलं होतं म्हणून."