क्लॉकची कडा वेळेवर यावी म्हणून

एडीसी, म्हणजे ॲनालॉग सिग्नलचे आकडे करणारी चिप, किती बिटांची आहे हे आपण आवर्जून पाहतो. तिला क्लॉक कुठून मिळणार, याचा विचार बहुधा शेवटी होतो. वरच्या फ्रिक्वेन्सीवर तिची खरी कुवत मात्र क्लॉकच ठरवतो.

जिटरने काय बिघडतं

क्लॉकची कडा ठरल्या क्षणाच्या किंचित आधी किंवा नंतर आली, की तो जिटर. एडीसी त्याच कडेवर सिग्नलचं माप घेते. सिग्नल वेगाने बदलत असेल तर क्षण चुकताच व्होल्टेजही चुकतं. 20 किलोहर्ट्झच्या ध्वनीला 16 बिटांच्या अचूकतेसाठी सुमारे 100 पिकोसेकंद जिटर खपून जातो. तेच 100 मेगाहर्ट्झच्या सिग्नलवर अवघा 1 पिकोसेकंद जिटर सिग्नल-नॉईज गुणोत्तर 64 डेसिबलच्या आसपास अडवतो, म्हणजे जेमतेम 10 बिट. मग चिप 14 बिटांची घ्या की 16.

नॉईजचा जिटर कसा होतो

क्लॉकचं व्होल्टेज एक ठरावीक पातळी ओलांडतं तेव्हा चिप कडा आली असं मानते. त्यावर नॉईज असेल तर ही पातळी लवकर किंवा उशिरा ओलांडली जाते. गणित सोपं आहे: नॉईजचं व्होल्टेज भागिले कडेचा चढ. नॅनोसेकंदाला 1 व्होल्ट चढणाऱ्या कडेवर 1 मिलिव्होल्ट नॉईज असला तर जिटर 1 पिकोसेकंद. चढ दहापट मंद झाला, की जिटर 10 पिकोसेकंद. म्हणून कडा तीव्र ठेवणं हा स्वस्तातला पहिला उपाय.

आधी पॉवर सप्लाय

माझ्या मते महागडा ऑसिलेटर घेण्याआधी इथे पाहावं. स्विचिंग रेग्युलेटरची लहर ऑसिलेटर आणि क्लॉक बफरपर्यंत पोचते, आणि स्पेक्ट्रममध्ये क्लॉकच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर सुळके दिसतात. या दोघांना कमी नॉईजचा वेगळा एलडीओ (लिनियर रेग्युलेटर) द्यावा, कपॅसिटर चिपच्या पिनला अगदी लागून बसवावा. फेराइट बीड विचार करून लावावा; कपॅसिटरशी त्याचा अनुनाद झाला तर एखाद्या फ्रिक्वेन्सीवर नॉईज उलट वाढतो.

बोर्डवरची वाट

एडीसीचा क्लॉक एफपीजीएमधून, म्हणजे प्रोग्रामेबल लॉजिक चिपमधून, फिरवून आणू नका. आतल्या हजारो स्विचिंगचा गोंगाट तो सोबत घेऊन येतो. ट्रेस आखूड, खाली सलग ग्राउंड, शक्यतो डिफरन्शियल जोडी आणि शेवटी योग्य टर्मिनेशन, एवढं पुरतं.

पीएलएल काय करू शकतो

पीएलएल म्हणजे स्वतःचा ऑसिलेटर संदर्भ क्लॉकच्या फेजशी जुळवत राहणारं सर्किट. लूप बँडविड्थच्या आत तो संदर्भ क्लॉकच्या मागे जातो. बाहेर त्याच्या स्वतःच्या ऑसिलेटरचा नॉईज उरतो. संदर्भ गढूळ असेल तर बँडविड्थ अरुंद आणि आत चांगला क्रिस्टल ऑसिलेटर हवा. संदर्भच स्वच्छ असेल तर ती रुंद ठेवणं फायद्याचं. आणि 10 मेगाहर्ट्झपासून 1 गिगाहर्ट्झ बनवला, तर संदर्भाचा फेज नॉईज (फ्रिक्वेन्सीनुसार मांडलेला जिटर) 40 डेसिबलने वाढून येणारच.

आकडा वाचताना

डेटाशीटमधला जिटर बहुतेकदा 12 किलोहर्ट्झ ते 20 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातला असतो. त्याबाहेरचा नॉईज त्यात मोजलेला नसतो, एडीसीला मात्र तो भोवतो. दोन ऑसिलेटरांची तुलना करण्याआधी दोघांचा पट्टा एकच आहे ना, हे पाहून घ्या.