सही झाली म्हणजे शाळा सुटली?

न्यू जर्सीत शनिवारी सकाळी सॉकरच्या कुठल्याही मैदानावर जा, कडेच्या घडीच्या खुर्च्यांच्या रांगेत दोन-चार मराठी घरं सापडतातच. थर्मासमधला चहा फिरतो, डब्यातल्या थालीपिठाचा तुकडा पुढे येतो. मुलींचा सामना आत आणि पालकांचा बाहेर. मुली नववीच्या पुढे गेल्या की बाहेरच्या सामन्याचा विषय एकच उरतो, तो म्हणजे कॉलेज. कोणाची मुलगी कुठे ‘कमिट’ झाली, कोणाला कुठून ‘ऑफर’ आली, कोणाचा प्रशिक्षक ई-मेलला उत्तरच देत नाही. मग कोणीतरी फोनवरची बातमी वाचून दाखवतं, की अमुक एका सतरा वर्षांच्या मुलीने नामांकित विद्यापीठाची जागा नाकारून व्यावसायिक क्लबशी करार केला. लगेच खुर्च्यांमधून तोच हळहळता उद्गार येतो, “अगं बाई! शिक्षण सोडलं म्हणजे?”

सुरुवातीला मी शांतपणे समजावत असे. नंतर नुसती मान हलवायला लागलो. गेल्या महिन्यात एका काकूंनी हेच वाक्य एकाच सकाळी तिसऱ्यांदा उच्चारलं, तेव्हा ठरवलं की हे एकदा लिहूनच टाकावं.

गैरसमज पहिला आणि सर्वांत मोठा: “प्रो झाली, म्हणजे शिक्षण सोडलं.”

वस्तुस्थिती: सुटते ती कॉलेजच्या संघातली जागा. वर्गातली जागा नव्हे.

अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांच्या खेळांचा कारभार एनसीएए ही संस्था पाहते. व्यावसायिक क्लबचा पगारी करार केला, की त्या खेळात एनसीएएच्या स्पर्धांत उतरण्याची पात्रता सहसा जाते. पात्रतेबरोबर खेळाच्या जोरावर मिळणारी शिष्यवृत्तीही जाते. जायचं ते एवढंच. प्रवेश घ्यायला, परीक्षा द्यायला, पदवी मिळवायला कोणाची आडकाठी नाही. एनडब्ल्यूएसएल या महिलांच्या सर्वोच्च लीगचा हंगाम साधारण मार्च ते नोव्हेंबर चालतो, आणि सराव बहुधा सकाळी उरकतो. दुपार, संध्याकाळ आणि हिवाळा मोकळा राहतो. नोकरी सांभाळून रात्री एमबीए करणारे आपल्यात काय कमी आहेत? त्यांनी “शिक्षण सोडलं” असं आपण कधी म्हणतो का?

उदाहरण हवं असेल तर नादिया नदीमचं घ्या. जन्म अफगाणिस्तानातल्या हेरातचा. वडिलांना तालिबानने मारलं, म्हणून आई आणि बहिणींबरोबर ती डेन्मार्कला निर्वासित म्हणून आली. पोर्टलंड थॉर्न्स, मँचेस्टर सिटी, पॅरिस सेंट-जर्मेन अशा क्लबांतून पगारी खेळाडू म्हणून खेळली, डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघातून खेळली, आणि त्याच काळात आरहूस विद्यापीठात वैद्यकीचं शिक्षण घेत राहिली. २०२२ साली ती डॉक्टर झाली. हे सांगितल्यावर आमच्या खुर्च्यांवर जरा वेळ कोणी बोललं नाही. ‘डॉक्टर’ या शब्दाचा आपल्याकडे दराराच तसा आहे.

मग हा समज इतका घट्ट का? त्याला दोन कारणं आहेत, आणि पहिलं अमेरिकेचं आहे. युरोपात क्लब वेगळा आणि विद्यापीठ वेगळं. मुलगी क्लबात खेळते आणि जमेल तिथे शिकते. अमेरिकेत १९७२ साली ‘टायटल नाइन’ हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना शिक्षणात लिंगभेद करण्याची मनाई झाली आणि खेळही त्यात आले. त्यातून कॉलेजांनी मुलींचे संघ उभे केले. पहिल्या श्रेणीत, म्हणजे ‘डिव्हिजन वन’मध्ये, आज मुलींच्या सॉकरचे साडेतीनशेच्या आसपास संघ आहेत. क्लबांनी बांधायची शिडी इथे कॉलेजांनी बांधली. त्यामुळे संघ आणि वर्ग ही एकच वस्तू आहे असं वाटू लागलं. त्यातला संघ नाकारला, की वर्गही नाकारला असा हिशेब झाला.

शिवाय दुसरी शिडी बराच काळ नव्हतीच. महिलांची पहिली व्यावसायिक लीग २००१ ला सुरू होऊन २००३ ला बंद पडली. दुसरी २००९ ला सुरू झाली आणि तीन हंगाम खेळून गुंडाळली गेली. एनडब्ल्यूएसएल २०१३ मध्ये आली, तेव्हा खेळाडूचा किमान पगार हंगामाला ६,००० डॉलर होता. त्या काळात “आधी डिग्री” म्हणणारे आईबाप शहाणेच होते. २०२५ मध्ये तोच किमान पगार ४८,५०० डॉलर झाला, आणि लीग व खेळाडूंची संघटना यांच्यातल्या सामूहिक करारानुसार २०३० पर्यंत तो ८२,५०० व्हायचा आहे. परिस्थिती पालटली, सल्ला मात्र तोच राहिला.

दुसरं कारण आपण सामानातून आणलेलं आहे. दहावीचं वर्ष लागलं की बॅट माळ्यावर, हा ज्या घरांचा रिवाज होता, त्या घरांतून आपण इथे आलो. अभ्यास आणि खेळ यांतलं एकच निवडायचं असतं, हे आपल्या अंगात भिनलेलं आहे. अमेरिकेत मुलगी खेळते याचा अभिमान वाटतो, पण तो खेळ कॉलेजच्या अर्जाला जोडता येतो तोवरच. सॉकर म्हणजे अर्जातला एक चांगला परिच्छेद! मुलगी त्याला पोटापाण्याचा उद्योग मानू लागली, की आपल्याला माळा आठवतो.

आता एक गोल बघू. १० ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिकची अंतिम लढत, समोर ब्राझील. सत्तावन्नाव्या मिनिटाला कॉर्बिन अल्बर्टने बचावफळीच्या मागे चेंडू सोडला. सोफिया स्मिथ ऑफसाइड होती. तिने प्रसंगावधान राखून चेंडूला पायच लावला नाही. मागून धावत आलेल्या मॅलरी स्वॉन्सनने तो जाळ्यात घातला आणि अमेरिकेला सुवर्णपदक मिळालं. यातली अल्बर्ट नोत्र दाम विद्यापीठातून दोन हंगामांनंतर पॅरिस सेंट-जर्मेनकडे गेलेली. स्मिथने दोन वर्षांनी स्टॅनफर्डचा संघ सोडलेला. स्वॉन्सन २०१७ मध्ये यूसीएलएला दाखल झाली आणि तिथे एकही अधिकृत सामना न खेळता व्यावसायिक झाली. कर्णधार लिंडसी होरान २०१२ मध्ये, अठराव्या वर्षी, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची शिष्यवृत्ती नाकारून थेट पॅरिसला गेलेली. बचावातली नेओमी गिर्मा मात्र स्टॅनफर्डची पदवीधर, आणि गोलरक्षक अलिसा नेहर पेन स्टेटकडून पूर्ण मुदत खेळलेली. यातला बरोबर रस्ता कोणता ते तुम्हीच सांगा.

अजून जवळचा दाखला देतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. नवी मुंबई आणि मडगावलाही सामने होते. भुवनेश्वरला अमेरिकेने आपल्या मुलींना ८-० ने हरवलं. त्या आठांतला एक गोल जिझेल थॉम्प्सनचा, आणि एक मिया भुताचा, जिचं वडिलांकडचं घर मूळ गुजरातचं. पुढे जिझेलने एंजल सिटी या लॉस एंजेलिसच्या क्लबशी करार केला आणि मिया स्टॅनफर्डला गेली. एकाच संघातल्या, एकाच सामन्यात गोल केलेल्या दोन मुलींना दोन वेगळे निर्णय योग्य वाटले. यात कोणी शहाणी आणि कोणी वाया गेलेली, असं काही नाही.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मीही खुर्चीतल्या काकूंसारखाच एकांगी ठरेन. शिष्यवृत्ती गेली की पदवीचा खर्च स्वतःच्या खिशातून येतो, आणि खासगी विद्यापीठात राहण्या-जेवण्यासह वर्षाला ऐंशी-नव्वद हजार डॉलर सहज लागतात. परगावच्या सामन्यानंतर हॉटेलच्या खोलीत बसून गृहपाठ करायला वेगळी चिकाटी लागते. “पुढे बघू” म्हणत पदवी राहूनही जाते. कॉलेजच्या संघातली समवयस्कांची सोबत नंतर मिळत नाही, आणि सतराव्या वर्षी तिशीतल्या खेळाडूंशी जागेसाठी झगडणं प्रत्येकीला मानवत नाही. हे सगळं तोलूनच निर्णय घ्यावा. पण तो प्रश्न “शिक्षण की खेळ” असा नाही. तिला जास्त सामने कुठे खेळायला मिळतील, तिला कोण नीट घडवेल, आणि पदवीचे पैसे कोण भरेल, हे खरे प्रश्न आहेत.

आता बाकीचे समज. यांना एवढी जागा द्यायची गरज नाही.

“कॉलेजची ऑफर म्हणजे फुल राइड”, म्हणजे सगळा खर्च शिष्यवृत्तीतून. नाही. २०२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या मुलींच्या संघाला सगळ्या मिळून १४ शिष्यवृत्त्या देता येत आणि संघात पंचवीस-तीस मुली असत, म्हणून त्यांचे तुकडे करून वाटत. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांना शिष्यवृत्त्यांची मर्यादा राहिली नाही, संघात २८ खेळाडूंची मर्यादा आली. पण देण्याची मुभा मिळाली म्हणजे तिजोरीत पैसे आले असं नव्हे. आणि ज्यांच्या नावाने आपण नवस बोलतो ती आयव्ही लीगची विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत.

“चांगली खेळते, म्हणजे कॉलेजात घेतीलच.” एनसीएएच्याच अंदाजाप्रमाणे हायस्कूलात सॉकर खेळणाऱ्या शंभर मुलींपैकी साधारण सात जणी एनसीएएच्या कुठल्या ना कुठल्या श्रेणीत खेळतात. डिव्हिजन वनमध्ये दोन-तीन.

“प्रो म्हणजे करोडपती.” ट्रिनिटी रॉडमनने २०२२ मध्ये चार वर्षांसाठी सुमारे ११ लाख डॉलरचा करार केला, त्याची बातमी झाली कारण तो अपवाद होता. किमान पगाराचा आकडा वर दिला आहे. तेवढ्यात न्यूयॉर्कजवळ घरभाडं भरून पाहा.

“कॉलेजात चार वर्षं घालवली की मागे पडते.” रोझ लव्हेल विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून चार हंगाम खेळली आणि २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिने गोल केला. स्टॅनफर्डच्या गिर्मासाठी चेल्सीने २०२५ मध्ये दहा लाख डॉलरहून जास्त मोजले.

“ड्राफ्टमध्ये कुठला क्लब उचलेल ते आपल्या हातात नसतं.” ड्राफ्ट म्हणजे क्लबांनी आळीपाळीने नव्या खेळाडू निवडायची पद्धत. २०२४ च्या सामूहिक करारात एनडब्ल्यूएसएलने तीच रद्द केली. आता मुलगी स्वतः क्लबांशी बोलते.

“अठरा पूर्ण झाल्याशिवाय घेत नाहीत.” लीगचा तसा नियम होता. २०२१ मध्ये पंधरा वर्षांच्या ऑलिव्हिया मोल्ट्रीने कोर्टात त्याला आव्हान दिलं आणि ती पोर्टलंडकडून खेळली. २०२४ मध्ये गॉथम एफसीने मॅकेना व्हिटमशी करार केला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. हे प्रत्येक मुलीने करावं असं अजिबात नाही, पण दार बंद आहे असंही नाही.

“क्लबबरोबर नुसता सराव केला तरी कॉलेजची पात्रता जाते.” पगार न घेता सराव करता येतो, आणि पात्रता राखून ठेवणारे अकादमी करारही असतात. एनसीएएचे नियम सध्या भराभर बदलताहेत. म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारू नका. कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे नियमपालन पाहणाऱ्या कार्यालयाला, विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

“प्रो खेळताना गुडघा गेला की सगळं संपलं, कॉलेजात निदान संरक्षण असतं.” लिगामेंटला कॉलेज आणि क्लब यांतला फरक कळत नाही. २०२४ च्या सामूहिक करारानंतर एनडब्ल्यूएसएलमधले करार हमीचे आहेत, तर कॉलेजच्या अनेक शिष्यवृत्त्या वर्षावर्षाने नव्या कराव्या लागतात.

तेव्हा पुढच्या शनिवारी कोणाच्या मुलीने सही केल्याची बातमी आली, तर “शिक्षण सोडलं?” असं विचारू नका. तिच्या आईवडिलांना एवढंच विचारा, “करारात शिकण्याच्या खर्चाचं कलम आहे का?” नसेल तर ते आधी घालून घ्या. सही त्यानंतर.