खटक्यातला दिवा

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी आंबोली घाट उतरत होतो. धुकं असं दाटलेलं की बॉनेटपुढचा रस्ता दिसेना, म्हणून चारच दिवसांपूर्वी बसवून घेतलेले फॉगलॅम्प लावले. दोन वळणं झाली आणि डॅशबोर्डखालून जळक्या प्लॅस्टिकचा वास यायला लागला. गाडी कडेला घेतली, दहाचा पाना काढला आणि आधी बॅटरीची मायनस केबल सोडवली. मग टॉर्चच्या उजेडात पाहिलं. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडून वायर आत घेतली होती, पण भोकाला रबरी ग्रोमेट नव्हतं. पत्र्याच्या धारेवर घासून वायरीचं आवरण फाटलं होतं, आतली तांब्याची तार बॉडीला टेकली होती. बॅटरीपासून खटक्यापर्यंत फ्यूज कुठेच नव्हता.

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून गाडीच्या वायरिंगला लोक घाबरत नाहीत. पण वायर शॉर्ट झाली की हीच बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते, आणि बारीक वायर हीटरच्या तारेसारखी तापते. फ्यूज राखतो तो या वायरीला. म्हणून त्याची जागा बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. त्याच्या अलीकडच्या तुकड्याला कुणीच राखणदार नसतो.

घरी आल्यावर सगळं उपसलं आणि नव्याने जोडलं. 55 वॅटचे दोन दिवे म्हणजे 110 वॅट. भागिले 12, म्हणजे 9 अँपिअरच्या थोडं वर. त्यासाठी 15 अँपिअरचा निळा फ्यूज आणि 2.5 चौरस मिलिमीटरची वायर घेतली. एवढा करंट डॅशबोर्डवरच्या नाजूक खटक्यातून रोज नेण्यात अर्थ नाही. तिथे रिले हवा. रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात: बॅटरीकडून फ्यूजमार्गे आलेली जाड वायर 30 ला, तिथून पुढे 87 वरून दिव्यांना, 86 ला खटक्याकडून येणारी बारीक वायर आणि 85 बॉडीला. रिलेचं कॉइल जेमतेम 150 ते 200 मिलिअँपिअर घेतं, त्यामुळे खटक्याकडे काम उरतं ते इशारा देण्याचं.

खरी गफलत होते ती खटक्यापाशी. आत दिवा असलेल्या साध्या खटक्याला तीन पाय असतात: एक सप्लायचा, एक लोडचा, एक अर्थचा. आतला इवलासा दिवा लोड आणि अर्थ यांच्यामध्ये बसवलेला असतो. खटका दाबला की लोडच्या पायावर प्लस येतो, रिले ओढला जातो आणि दिवाही लागतो. लोड आणि अर्थच्या वायरींची अदलाबदल झाली, तर खटका दाबताक्षणी प्लस थेट बॉडीला भिडतो आणि फ्यूज उडतो. सप्लाय आणि लोड यांची झाली, तर फॉगलॅम्प बरोबर चालतात, पण खटका बंद असतानाही त्यातला दिवा पेटलेलाच राहतो. असा खटका दिसला की मी आधी हे दोन पाय बघतो.

अर्थचा पाय बऱ्याच खटक्यांत पितळी रंगाचा असतो, पण रंगावर भिस्त ठेवू नका. मल्टिमीटर बीपवर लावायचा. खटका चालू केल्यावर ज्या दोन पायांमध्ये बीप येतो आणि बंद केल्यावर थांबतो, ते सप्लाय आणि लोड. उरला तो अर्थ. त्या दोघांतला लोड कोणता, हे छोटा फ्यूज लावून 12 व्होल्ट दिल्यावर कळतं. अर्थ पायाला मायनस द्यायचा, खटका बंद ठेवायचा आणि दोन्ही पायांना आळीपाळीने प्लस द्यायचा. ज्यावर दिवा लागेल तो लोड.

आतला दिवा एलईडी असेल तर आणखी एक जपायचं. रिले सुटताना कॉइल उलट दिशेने व्होल्टेजचा धक्का मारतं आणि एलईडी त्याच्याच समांतर बसलेला असतो. म्हणून आत डायोड असलेला रिले घ्यावा, आणि त्यात प्लस 86 लाच द्यावा, उलटा नाही.

खटक्याचा सप्लाय किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवरून, फ्यूज टॅप लावून घ्यावा. त्यात 3 अँपिअरचा फ्यूज पुरतो. थेट बॅटरीवरून घेतला आणि दिवे विसरून राहिले, तर 35 अँपिअर-तासांची बॅटरी चारेक तासांत बसते. कंपनीच्या हार्नेसची वायर सोलून जोड मारणं नकोच. पिवळी स्लीव्ह किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर तिथे हातही लावू नका, तो सहसा एअरबॅगचा असतो. अर्थसाठी पत्र्यावरचा रंग खरवडून, रिंग लग लावून बोल्ट आवळायचा. रंगावर आवळलेला अर्थ आज चालतो, पावसाळ्यात दगा देतो.

एवढं सगळं बरोबर जोडलं तरी खटक्यातला दिवा सांगतो ते इतकंच, की खटक्यापासून पुढे सप्लाय गेला. जाड वायरीवरचा फ्यूज उडालेला असेल, बल्ब गेलेला असेल, तरी तो तसाच पेटतो. म्हणून घाट लागण्याआधी मी एखाद्या भिंतीसमोर गाडी उभी करतो, खटका दाबतो आणि भिंतीवर उजेडाचे दोन पट्टे पडले का ते बघतो.