फायटरच्या टाकीत तळाचे पाहुणे

फायटर हा भाड्याच्या खोलीतला मासा आहे. बमरोली, पांडेसरा, उधना या भागांत एका खोलीत चार-पाच माणसं राहतात. तिथे मोठी काचपेटी, पंप, दिव्यांची झालर यांना जागा कुठून असणार? फायटर मात्र फ्रिजवर किंवा खिडकीच्या कट्ट्यावरही मावतो. दुकानात तो बाटलीत ठेवलेला असतो, त्यामुळे त्याला एवढीच जागा पुरते असं घेणाऱ्यालाही वाटतं. प्रत्यक्षात तो बाटलीत जगत नाही, फक्त सावकाश मरतो. त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, चक्रव्यूहासारखा घड्यांचा एक अवयव असतो. त्याच्या मदतीने तो वर येऊन हवेतला प्राणवायू घेतो आणि म्हणून घाण पाण्यातही तग धरतो. हा मूळचा थायलंडकडचा, भातखाचरांतल्या आणि दलदलीतल्या उथळ पाण्यातला मासा. 1910 मध्ये रेगन या शास्त्रज्ञाने त्याला ‘बेट्टा स्प्लेन्डेन्स’ हे नाव दिलं. थायलंडने 2019 मध्ये त्याला आपला राष्ट्रीय जलचर ठरवलं. आपल्याकडे तो फायटरच.

पुढे कुणीतरी हौसेने बाटलीतून काढून त्याला दीड फुटी टाकीत ठेवतं. मासा खुलतो, पिसारा फुलवतो. पण टाकीचा तळ रिकामा दिसू लागतो, खाली पडलेले दाणे कुजतात, काचेवर शेवाळ येतं. मग दुकानात जाऊन आपण म्हणतो, “काका, एखादा सफाईवाला द्या ना.” या एका वाक्यातून बरेच घोटाळे सुरू होतात.

तळाशी राहणाऱ्या, मिशा असलेल्या माशांना आपण मांजरमासे म्हणतो. हे कुळ फार मोठं आहे. तापीत सापडणारा शिंगाळाही त्यातलाच. (आमच्याकडे त्याची ओळख पाण्यापेक्षा कालवणातलीच जास्त.) दुकानात ‘सफाईवाला’ मागितला की बहुतेक वेळा हातात येतो तो सकर. अंगावर खवल्यांऐवजी खडबडीत चिलखत, तोंड खाली, काचेला चिकटलेला. तेव्हा तो बोटाएवढा असतो आणि स्वस्तही. हाच मासा नीट वाढला तर फूट-दीड फूट होतो. खातो भरपूर आणि त्याहून जास्त घाण करतो. दीड फुटी टाकीत दीड फुटी मासा, हे गणित दुकानदार सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. मोठा झाल्यावर लोक त्याला नदीत किंवा तलावात सोडून देतात. उजनी जलाशयातले मच्छीमार या परक्या माशाला कंटाळले आहेत. जाळ्यात तो अडकतो, काट्यांनी जाळं फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळ जागांमध्येही हीच कथा. तेव्हा सकर नको. पुण्य म्हणून नदीत सोडायचा तर मुळीच नको.

छोट्या टाकीसाठी ज्याचा विचार करता येतो तो मांजरमासा वेगळा. त्याचं नाव कोरिडोरस, बोलताना नुसतं कोरी. हा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा रहिवासी. ग्रीकमध्ये ‘कोरिस’ म्हणजे शिरस्त्राण आणि ‘डोरा’ म्हणजे कातडं. लासेपेद या फ्रेंच अभ्यासकाने 1803 मध्ये हे नाव दिलं, आणि ते शोभतं, कारण दोन्ही बाजूंना हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी असतात. ठिपक्यांची कोरी तर डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केली होती. 1842 मध्ये जेनिन्स यांनी तिचं वर्णन छापलं. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्याने पकडलेला मासा आज सुरतच्या गल्लीत प्लास्टिकच्या पिशवीत मिळतो, ही गंमत मला आवडते.

फायटर आणि कोरी यांचं जमतं, कारण त्यांची घरंच वेगळ्या मजल्यांवर असतात. फायटर वरच्या पाण्यात फिरतो, कोरी वाळूत नाक खुपसून खाणं हुडकते. फायटरला राग येतो तो लांब झुळझुळीत शेपट्यांचा, भडक रंगांचा, आपल्यासारख्या दिसणाऱ्यांचा. कोरी मातकट, आखूड पंखांची आणि भांडणाच्या वाटेला न जाणारी. मधूनच ती बाणासारखी वर येते, हवेचा घोट घेते आणि परत तळाशी जाते. ती आतड्यातून हवा शोषू शकते. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो, पण मधूनमधून असं होणं नैसर्गिक आहे. ती सारखीच वर पळू लागली तर मात्र पाणी बिघडलंय असं समजावं.

खरी अडचण पुढे आहे. कोरी एकटी राहत नाही. तिला जातभाईंचा घोळका लागतो, किमान सहा. एकच आणून ठेवली तर ती कोपऱ्यात दबून बसते, आणि आपण म्हणतो, शांत आहे बिचारी. ती शांत नसते, भेदरलेली असते. आता सहाचा हिशोब मांडू. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ साधारण 42 लिटर पाणी मावतं. वाळू, झाडं आणि वरची मोकळी जागा सोडली तर हातात 35 लिटर उरतं. त्यात सहा पिग्मी कोरी आणि एक फायटर नीट राहतात, कारण पिग्मी जेमतेम अडीच सेंटीमीटरची. ब्राँझ किंवा स्टर्बाई कोरी सहा सेंटीमीटरपर्यंत जाते. तिच्यासाठी दोन फुटी टाकी हवी.

आणि इथे सुरतचा उन्हाळा आडवा येतो. फायटरला 24 ते 28 अंश पाणी मानवतं, थोडं वर गेलं तरी तो निभावतो. स्टर्बाईचंही तसंच. पण पिग्मीला 22 ते 26 अंश बरे वाटतात आणि डार्विनची ठिपकेवाली तर त्याहून थंड पाण्याची. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीतलं टाकीचं पाणी सहज 30 च्या वर जातं. पाणी तापलं की त्यात प्राणवायूही कमी मावतो. 20 अंशाला लिटरमागे 9 मिलीग्रॅमच्या आसपास, तर 30 अंशाला साडेसात. म्हणजे छोट्या टाकीत मावणारी कोरी उन्हाळा सोसत नाही, आणि उन्हाळा सोसणारी छोट्या टाकीत मावत नाही. या पेचातून दुकानातली कुठलीही बाटली सोडवत नाही. पत्र्याचं छत आणि दीड फुटी टाकी असेल तर माझं स्पष्ट मत असं की फायटरला एकटंच राहू द्या. त्याला सोबतीची हौस नसते, हौस आपल्याला असते. खालच्या मजल्यावरची, दिवसभर सावलीतली खोली असेल तर जमेल. पाण्याच्या पृष्ठभागावरून छोटा पंखा फिरवला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. उडालेलं पाणी मात्र रोज भरावं लागतं.

जमवायचंच ठरलं तर वेळापत्रक उलटं धरा: आधी टाकी, मग मासे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, तिसरं त्यामानाने सौम्य. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत वस्ती करतात, आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसेपर्यंत नवा मासा आणायचा नाही. पावसाळ्याच्या शेवटी तयारी सुरू केली की दिवाळीनंतर पाहुणे आणता येतात. तेव्हा उन्हाचा ताप नसतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र हीटर लागतो.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते अँटी-क्लोरीनच्या थेंबांनी मारावं किंवा पाणी बादलीत 24 तास उघडं ठेवावं. थेंब जास्त भरवशाचे. फिल्टरचा स्पंज थेट नळाखाली धुतला तर महिनाभराचे जीवाणू मिनिटात जातात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. दर आठवड्याला सात-आठ लिटर पाणी बदललं की पुरे, म्हणजे अर्धी बादली.

तळाला बारीक गुळगुळीत वाळू हवी. रंगीत टोकदार खडी दिसायला छान, पण कोरी दिवसभर मिशांनी तळ चाचपते, आणि घासून घासून मिशा झिजतात, त्यांना जंतू लागतात. मिशा गेल्या म्हणजे तिचं बोट, नाक आणि जीभ एकदम गेली.

फायटर आधीपासून टाकीत असेल तर तो स्वतःला मालक समजतो. नवे मासे सोडण्याआधी झाडं, दगड, कौलाचे तुकडे इकडचे तिकडे करावेत. हद्दीच्या खुणा हलल्या की मालकाचा तोरा थोडा उतरतो. त्याचं पोट भरावं, दिवा बंद करावा आणि संध्याकाळी सोडावं. त्याआधी नव्या माशांना दोन-तीन आठवडे दुसऱ्या डब्यात ठेवून पाहिलं तर रोग घरात येत नाही. सोडताना पिशवी 15 मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, मग तासभर वाटी-वाटीने टाकीचं पाणी पिशवीत घालायचं. दुकानाचं पाणी टाकीत ओतायचं नाही. मासे जाळीने न काढता प्लास्टिकच्या पेल्याने काढा. कोरीच्या पाठीवर आणि पंखांजवळ काटे असतात. ती घाबरली की ते ताठ अडकतात आणि जाळीत गुंततात. याच काट्यांमुळे तिला गिळू पाहणाऱ्या माशाच्या घशात ती अडकू शकते.

एक सवय मोडावी लागेल. फायटर जरा मलूल दिसला की त्यात खडे मीठ टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. फायटरला ते चालून जातं, कोरीला मीठ सोसत नाही. आजारी फायटरला वेगळ्या भांड्यात काढूनच औषध द्या.

आणि सफाईचं काय? कोरी कुणाची विष्ठा खात नाही, काचेवरचं शेवाळही नाही. उष्ट्यावर तिचं पोट भरत नाही. तिला बुडणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात. त्या रात्री दिवा बंद केल्यावर टाका, नाहीतर फायटर खाली येऊन त्याही मटकावतो आणि पोट फुगवून बसतो.

पहिला आठवडाभर लक्ष ठेवा. फायटर एकदा कल्ले पसरून अंगावर गेला, तर तेवढ्यावर घाबरायचं कारण नाही. पण तो दिवसभर पाठलाग करत असेल, कोरीच्या पंखांच्या कडा कुरतडलेल्या दिसत असतील, तर समजावण्यात वेळ घालवू नका. काही फायटर स्वभावानेच तसे असतात. म्हणून जुनं भांडं आणि छोटा फिल्टर हाताशी ठेवूनच कोरी आणायला निघावं, आणि दुकानदाराला आधीच विचारावं, “काका, नाही जमलं तर सहाच्या सहा परत घ्याल ना?”