मंडईबाहेरचे दीडशे मीटर

विजयादशमीला म्हैसूरच्या राजवाड्यातून निघालेली जंबू सवारी के. आर. सर्कल ओलांडून सयाजीराव रस्त्याने बन्नीमंटपाकडे जाते. बडोद्याच्या महाराजांचे नाव लाभलेला हा रस्ता देवराज मार्केटला खेटून जातो. साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी डोळे भरून पाहण्यासाठी लाखोंची गर्दी लोटते. त्या गर्दीला जागा हवी म्हणून आधीचे काही दिवस महापालिकेच्या गाड्या फिरतात, पदपथावरच्या पाट्या, टोपल्या, प्लास्टिकचे कापड उचलले जाते आणि रस्ता एकदाचा मोकळा होतो. अंबारी गेली, पाहुणे पांगले, की दोन-चार दिवसांत टोपल्या पुन्हा आपापल्या जागी येतात. त्या येणार हे पालिकेला ठाऊक असते, पोलिसांना ठाऊक असते आणि विक्रेत्यांना तर असतेच. बेकायदा फेरीवाल्यांचे ‘व्यवस्थापन’ म्हणून जे काही आपल्या शहरांत चालते त्याचे हे स्वच्छ रूप आहे. त्यात धोरण असे काही नाही, पंचांग मात्र आहे.

देवराज मार्केट हे म्हैसूरचे पोट आहे. नंजनगूडची रसबाळे केळी, मल्लिगेचे गजरे, म्हैसुरी विड्याची पाने, कुंकवाचे रंगीत ढीग हे सारे एका छपराखाली मिळते. पण ज्या गिऱ्हाइकासाठी हा बाजार उभा राहिला ते गिऱ्हाईक दर वेळी आत जातेच असे नाही. बसथांब्याकडे निघालेली बाई दारातच पावशेर मिरच्या घेते, कारण तिला घाई असते आणि बाहेरचा भाव दोन रुपयांनी कमी असतो. तो कमी असतो, कारण बाहेरच्याला गाळ्याचे भाडे नाही, विजेचे बिल नाही. आतल्या गाळेधारकाची तक्रार म्हणूनच खोटी म्हणता येणार नाही. भाडे आम्ही भरायचे आणि गिऱ्हाईक त्याने दारातच अडवायचे, हा न्याय कुठला, असे तो विचारतो. मात्र हाच गाळेधारक सवड मिळताच आपले खोके पायरीच्या पुढे सरकवतो, हेही कोणत्याही मंडईत उघड्या डोळ्यांनी दिसते. पदपथ कोणाचा, या प्रश्नावर मंडईतला कोणताही पक्ष धुतल्या तांदळाचा नाही.

म्हैसूरच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. या शहराला आपल्या देखणेपणाचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. प्लेगनंतरच्या काळात, १९०३ साली तेथे नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले. रुंद रस्ते, चौक, बागा ही त्या परंपरेची देणगी. २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे केंद्राच्या स्वच्छता क्रमवारीत हे शहर देशात पहिले आले. अशा शहराच्या प्रशासकाला पदपथावरची टोपली प्रथम अस्वच्छता म्हणून दिसते, व्यवसाय म्हणून नंतर. आणि बहुधा दिसतच नाही. शहर पाहुण्यांनी पाहण्यासाठी आहे की रहिवाशांनी वापरण्यासाठी, हा वाद सयाजीराव रस्त्याच्या पदपथावर रोज लढला जातो.

कायद्याचे म्हणणे काय, ते पाहू गेल्यास मुंबईकडे वळावे लागते, कारण या विषयावरचे बहुतेक महत्त्वाचे न्यायनिवाडे मुंबई आणि दिल्लीच्या पदपथांवरून सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. यशवंत चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, १९८५ मध्ये, मुंबईतील फेरीवाला क्षेत्रांच्या योजनेचा प्रश्न न्यायालयाने हाताळला. दिल्लीच्या सोदान सिंग खटल्यात १९८९ साली न्यायालयाने स्पष्ट केले, की रस्त्यावर माल विकणे हाही व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे. त्यावर वाजवी बंधने घालता येतील, पण तो हक्कच नाही असे म्हणता येणार नाही. मग डिसेंबर २००३ चा मुंबईसंबंधीचा निकाल आला आणि त्यात ती प्रसिद्ध अंतरे ठरली: प्रार्थनास्थळे, शाळा, रुग्णालये यांच्यापासून शंभर मीटर आणि मंडई किंवा रेल्वे स्थानकापासून दीडशे मीटरपर्यंत फेरीवाला नको.

यातली ग्यानबाची मेख मंडईच्या दीडशे मीटरांत आहे. फेरीवाला मंडईजवळ बसतो तो हट्टाने नव्हे. तेथे पिशवी घेऊन निघालेले गिऱ्हाईक असते, पहाटे घाऊक माल उतरतो, उरलेला माल संध्याकाळी पडेल भावात खपतो. मंडईपासून दीडशे मीटर दूर हाकललेला भाजीवाला भाजीवाला राहत नाही. ज्या जागी धंदा चालतो नेमकी तीच जागा निषिद्ध ठरवली, की नियम पाळणे अशक्य होते आणि मोडणे नित्याचे.

संसदेने २०१४ मध्ये पथविक्रेता कायदा केला तेव्हा हा पेच तिच्यासमोर होता. त्या वर्षी १ मे रोजी लागू झालेल्या या कायद्याने ‘नैसर्गिक बाजार’ ही संकल्पना आणली. जेथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमत आले, अशी जागा पाहणीत निश्चित झाली तर ती ‘ना-फेरीवाला क्षेत्र’ जाहीर करता येत नाही. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे, दर पाच वर्षांनी किमान एकदा पाहणी व्हावी, पाहणी होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठवू नये, असे त्यात आहे. नाशवंत माल जप्त केला तर मागणी येताच त्याच दिवशी परत करावा, इतक्या बारकाव्यापर्यंत कायदा जातो. आणि हे सारे ज्या नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्याने व्हायचे तीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले, त्यांतही एक तृतीयांश महिला हव्यात. कागदावर याहून शहाणा कायदा मिळणे अवघड. समिती आणि पाहणी ही या यंत्राची दोन चाके. ती फिरली नाहीत तर बाकीचे सारे जागच्या जागी थांबते.

ती कशी थांबते, हे मुंबईइतके उत्तम कोणी दाखवून दिलेले नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून येथे नवे परवाने जवळजवळ बंद आहेत; म्हणजे त्यानंतर धंद्याला लागलेला बहुतेक प्रत्येक विक्रेता जन्मतःच बेकायदा. २०१४ च्या पाहणीत सुमारे ९९ हजार अर्ज आले. समितीच्या निवडणुकीला ऑगस्ट २०२४ उजाडला आणि मतदारयादीत नावे उरली सुमारे ३२ हजार. मधल्या दहा वर्षांत पदपथ काही रिकामे नव्हते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. पूल रेल्वेचा होता आणि गर्दीला अपुरा होता. पण राजकारणाला फेरीवाला सापडला. मनसेने मोर्चा काढला, मुदत दिली आणि ठाणे-कल्याणात विक्रेत्यांचा माल उधळला. १ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने २००३ ची तीच अंतरे पुन्हा अधोरेखित केली. त्या गदारोळात ‘नैसर्गिक बाजार’ हा शब्द कोणी उच्चारल्याचे स्मरत नाही.

दिरंगाईचे खापर नेहमी प्रशासनाच्या आळसावर फोडले जाते. आमच्या मते हे निदान अपुरे आहे. मोजणी न होण्यात अनेकांचे हित गुंतलेले आहे. प्रमाणपत्र हातात असलेल्या विक्रेत्याकडून हप्ता मागता येत नाही. त्याला निवडणुकीच्या तोंडावर अभय देऊन उपकृत करता येत नाही. गाळेधारक संतापले म्हणून उद्याच्या उद्या उठवून दाखवताही येत नाही. बेकायदा विक्रेता या तिन्ही कामांना येतो. अधिकाऱ्याच्या हाती मुंबई महापालिका अधिनियमाच्या ३१४ व्या कलमासारखे, नोटीस न देता उचलण्याचे हत्यार असते आणि ते १८८८ च्या कायद्यातून आलेले असल्याने अंगवळणी पडलेले असते. तीस दिवसांची सूचना मागणारा नवा कायदा त्या हाताला जड वाटतो. नगरसेवक असले तर निदान तक्रारीला दार असते. मुंबईत मार्च २०२२ नंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभारी होते.

यातला विरोधाभास जून २०२० मध्ये कळसाला पोहोचला. टाळेबंदीने कंबरडे मोडलेल्या पथविक्रेत्यांसाठी केंद्राने स्वनिधी योजना आणली, पहिले कर्ज दहा हजारांचे. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही त्यांना पालिकेने शिफारसपत्र द्यावे अशी सोय त्यात होती. म्हणजे एकाच कचेरीतला एक विभाग लिहून देतो, की हा इसम आमच्या हद्दीत रस्त्यावर माल विकतो, त्याला कर्ज द्यावे. आणि दुसरा विभाग त्याच इसमाची हातगाडी, तो रस्त्यावर माल विकतो म्हणून, ट्रकवर चढवतो. कर्जाचा हप्ता मात्र चुकवून चालत नाही.

पुन्हा म्हैसूरकडे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये देवराज मार्केटजवळची लॅन्सडाउन इमारत अंशतः कोसळून चार जण दगावले. २०१६ च्या ऑगस्टमध्ये, डागडुजी चालू असतानाच, मार्केटच्या धन्वंतरी रस्त्याकडील प्रवेशद्वाराचा भाग ढासळला. तेव्हापासून ही वास्तू पाडून नवी बांधावी की जुनीच सांभाळावी, यावर वारसाप्रेमी, गाळेधारक आणि सरकार यांच्यात वाद पेटला, तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. गाळेधारकांना त्यात बाजू मांडता आली, कारण त्यांची नावे पालिकेच्या भाडेवहीत आहेत. त्यांचे तात्पुरते स्थलांतर, नव्या इमारतीतला त्यांचा हक्क, भाड्याचा दर, या सगळ्यावर बोलणी करण्यासाठी त्यांच्याकडे कागद आहे.

त्याच भिंतीला पाठ लावून मिरच्या आणि गजरे विकणाऱ्या बाईचे नाव त्या वहीत नाही. मंडई पाडली तरी आणि दुरुस्त केली तरी भोवताली पत्र्याचे कुंपण उभे राहील तेव्हा तिला पहिल्याच दिवशी उठावे लागेल. परत येण्याचा दावा सांगता येईल असा एकच कागद कायद्याने तिच्यासाठी निर्माण केला, तो म्हणजे पाहणीनंतरचे विक्री प्रमाणपत्र. कुंपणाचा पहिला खांब रोवला जाण्यापूर्वी ती पाहणी मंडईच्या दारापर्यंत पोहोचते की नाही, हे पाहायचे.