पानाचा समास कोठें चुकतो?

वहीच्या डाव्या कडेस दुमड घालून सोडलेली कोरी जागा म्हणजे समास, हें आपण शाळेंत शिकलों. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. अशा जुन्या पोथ्यांच्या पानांवरहि दोन्ही बाजूंस उभ्या रेघा मारून समास राखलेला आढळतो. कागदावरची ही जागा एकदां सोडली म्हणजे हलत नाहीं. मोबाइलच्या पडद्यावरील पान मात्र प्रत्येक वाचकाच्या पडद्याच्या रुंदीप्रमाणें नव्यानें मांडलें जातें. ही मांडणी ज्या नियमांनीं होते त्यांस सीएसएस म्हणतात. हाकोन विउम ली यांनीं १९९४ सालीं त्यांची कल्पना मांडली व १९९६ च्या डिसेंबरांत पहिली आवृत्ति मान्य झाली.

धायरींतील कांहीं मुलें असलीं पानें करून मला दाखवितात. "गुरुजी, मीं शून्य लिहिलें, तरी वर जागा सुटतेच!" ही त्यांची नेहमींची तक्रार. तिचें मूळ असें कीं, आपण कांहींच न सांगितल्यास ब्राउझर स्वतःच्या पदरची जागा घालतो. साऱ्या पानाभोंवतीं बहुधा ८ पिक्सेल, शिवाय मथळ्यांच्या व परिच्छेदांच्या वरखालीं निराळी.

प्रत्येक मजकूर एका चौकटींत असतो. चौकटीची भिंत ती बॉर्डर, भिंतीच्या आंतील मोकळीक तें पॅडिंग, बाहेरचें अंगण तें मार्जिन. आतां गंमत पाहा. एकाखालीं एक दोन परिच्छेद आहेत. वरच्याचें खालचें मार्जिन ३० व खालच्याचें वरचें २०. बेरीज ५० व्हावी ना? होत नाहीं. शेजाऱ्यांचीं अंगणें एकमेकांत मिसळतात आणि मोठें तेवढें उरतें, म्हणजे ३०. पुढें आणखी विचित्र : बाहेरच्या चौकटीस वरच्या बाजूस भिंत वा पॅडिंग नसेल, तर आंतील पहिल्या मथळ्याचें मार्जिन तींतून निसटून वर येतें व सगळी चौकटच खालीं सरकते. बाहेरच्या चौकटीस एक पिक्सेल पॅडिंग द्यावें, कीं तें थांबतें. पण मुलें उणें मार्जिन घालून जागा ओढून घेतात. मला हें मुळींच पसंत नाहीं, कारण दुसऱ्या मोबाइलवर तोच मजकूर मथळ्यावर चढून बसतो.

म्हणून आंकडा बदलण्यापूर्वीं ही जागा कोणाची हें विचारावें. संगणकावरील ब्राउझरमध्यें एफ-१२ ची कळ दाबून तो भाग निवडला कीं मार्जिन व पॅडिंग निरनिराळ्या रंगांत दिसतात.

पोझिशनचें प्रकरण याहून नाजूक. 'ॲब्सोल्यूट' म्हटलेला भाग ओळींतून उठून जातो. त्याची जागा कोणी राखीत नाहीं. तो आपलें माप जवळच्या अशा वडीलधाऱ्या चौकटीपासून घेतो जिला स्वतःला पोझिशन दिलेली आहे. तशी कोणीच नसेल तर थेट पानाच्या माथ्यापासून. तेव्हां भलतीकडे उडालेल्या चित्राच्या बाहेरील चौकटीस 'रिलेटिव्ह' म्हणावें.

'फिक्स्ड' पट्टी तर वाचक पान सरकवीत असतांहि जागची हलत नाहीं. परीक्षेच्या वेळापत्रकाची पहिलीच ओळ तिच्याखालीं दडली, तर मुलाची परीक्षा हुकावयाची. पट्टीच्या उंचीइतकें पॅडिंग मजकुराच्या वर द्यावें. मराठींत आणखी एक काळजी : वेलांटी, मात्रा, उकार यांमुळें ओळीला उंची अधिक लागते. चौकटीची उंची आंकड्यानें बांधून टाकली आणि एखाद्या वृद्ध वाचकानें अक्षर मोठें केलें, कीं शेवटची ओळ चौकटीबाहेर सांडते किंवा कापली जाते. उंची मजकुरावर सोडावी.